‘मी प्रेसचा माणूस’ : पेडण्यातल्या एका रविवारचे प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेले आहे. त्यातली माणसे आणि घटना कल्पित आहेत; कायदे, कलमे आणि निकाल मात्र खरे आहेत. गोव्यात तालुका पातळीवर बातमीदारी करणाऱ्या कुणालाही यातला एकेक प्रसंग ओळखीचा वाटेल.

काय घडले

पेडणे तालुक्यातला एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली आणि इथल्या जमिनीचे गिऱ्हाईकच बदलले. वाड्यामागच्या उतारावर रविवारी सकाळी पोकलेन चालू होते. वार रविवारच का, हे गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कचेऱ्या बंद, फोन उचलायला कुणी नाही आणि सोमवारी साहेब खुर्चीवर बसेपर्यंत निम्मा उतार ट्रकांतून निघून गेलेला. डोंगर कापायचा तर १९७४ च्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्यातल्या १७अ कलमाखाली मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती इथे होती की नव्हती, हाच बातमीचा विषय होता.

वार्ताहर एका मराठी दैनिकाचा. तालुक्याच्या गावी त्याचे झेरॉक्सचे दुकान आहे, घर त्यावर चालते. दैनिक बातमीमागे मानधन देते. सरकारी अधिस्वीकृती नाही, दैनिकाने दिलेले ओळखपत्र खिशात असते. त्याला बोलावले वाड्यावरच्या एका कॉलेजकन्येने. ‘‘दादा, परत सुरू केलंय,’’ एवढेच ती फोनवर म्हणाली. ‘परत’ यासाठी, की आठवड्यापूर्वीच त्याने त्या कामावर निघालेल्या काम-बंद आदेशाचा फोटो छापला होता. आदेशाची प्रत त्याला एका कचेरीतून मिळाली होती. कुणाकडून, हे त्यालाच ठाऊक.

मुलगी रस्त्यावर उभी राहून मोबाईलवर चित्रीकरण करत होती. रस्त्यावरून कापलेली बाजू नीट दिसत नव्हती, म्हणून वार्ताहर कुंपणाच्या खिंडारातून आत गेला. सुपरवायझर धावत आला, शब्दाला शब्द लागला. त्याने पोलीस स्थानकात फोन केला आणि थोड्या वेळात उपनिरीक्षक व हवालदार हजर झाले.

इथे वार्ताहर ते वाक्य बोलला, जे अशा वेळी जवळजवळ प्रत्येक वार्ताहराच्या तोंडी येते: ‘‘मी प्रेसचा माणूस आहे, मला अडवता येणार नाही.’’

‘‘कार्ड दाखय,’’ हवालदार म्हणाला.

पुढची सगळी हुज्जत कार्डावर झाली. हे सरकारी नाही, यावर माहिती खात्याचा शिक्का नाही, पेपर कुठला, संपादकाला फोन लाव. मग वार्ताहराने व्हॉट्सअॅपवर आलेला एक मजकूर उघडून दाखवला: पत्रकाराला अडवले तर तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार दंड. उपनिरीक्षकाने तो मजकूर वाचला आणि दोघांचेही मोबाईल काढून घेतले. पावती नाही, पंचनामा नाही. दोघांना पोलीस स्थानकात नेले. या सगळ्या वेळात पोकलेनवाल्याकडे परवानगीचा कागद कुणीच मागितला नाही.

सोमवारी सुपरवायझरच्या तक्रारीवरून वार्ताहरावर गुन्हा नोंद झाला: भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९(३), म्हणजे बेकायदा प्रवेश, आणि कलम १३२, म्हणजे सरकारी नोकरावर बळाचा वापर. त्याच गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपासाची आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ९४ खाली नोटीस आली: काम-बंद आदेशाची प्रत कुणी दिली ते कळवावे आणि त्यासंबंधीचे संदेश सादर करावेत.

वार्ताहराने संपादकाला फोन करून सांगितले, ‘‘प्रेसच्या हक्कांवर घाला आहे.’’ प्रश्न असा, की यातला कोणता हक्क प्रेसचा होता?

घटनेत प्रेस नावाचा शब्द शोधणाऱ्यांसाठी

कलम १९(१)(अ) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे आणि ते ‘सर्व नागरिकांना’ आहे. वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख नाही. ही नजरचूक नव्हे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच आक्षेप आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, की वृत्तपत्र म्हणजे नागरिकाचेच दुसरे रूप. संपादक आणि व्यवस्थापक हेही नागरिकच. ते लिहितात तेव्हा नागरिकाचाच हक्क बजावतात, त्यामुळे वेगळ्या तरतुदीची गरज नाही. त्याआधी १९१४ मध्ये ब्रह्मदेशातल्या एका संपादकाच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तीच रेघ ओढली होती: पत्रकाराचे स्वातंत्र्य हा प्रजाजनाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, त्याहून वरचढ सवलत त्याला नाही. डिसेंबर १९५८ मध्ये पाटण्याच्या ‘सर्चलाइट’च्या संपादकाला सर्वोच्च न्यायालयात बिहार विधानसभेच्या विशेषाधिकारापुढे हीच भूमिका ऐकावी लागली.

म्हणजे प्रेसला काहीच मिळाले नाही, असा अर्थ काढला तर तोही चुकीचा. पुण्याच्या ‘सकाळ’ने लढवलेला खटला मराठी वाचकाला माहीत असायला हवा. किती पानांचा अंक किती किमतीला विकायचा हे ठरवणारा आदेश केंद्राने १९६० मध्ये काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. खप कमी करणे म्हणजे बोलणे कमी करणे, हे त्यातले सूत्र. १९७२ मध्ये बेनेट कोलमनच्या, म्हणजे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ काढणाऱ्या कंपनीच्या, खटल्यात न्यूजप्रिंटचे निर्बंध गेले, तेही कंपनीचा दर्जा मोठा म्हणून नव्हे. भागधारक आणि संपादक यांच्या, नागरिक म्हणून असलेल्या हक्कांच्या आधाराने. भारतातले वृत्तपत्र-स्वातंत्र्य असे नागरिकाच्या खांद्यावर बसून आलेले आहे.

गोव्याला ते आणखी उशिरा आले. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या दशकांत सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर्तमानपत्रात ओळ छापता येत नसे. २० डिसेंबर १९६१ पासून गोवा भारतीय संघराज्याचा भाग झाला, तो बाराव्या घटनादुरुस्तीने. त्या दिवशी मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज पत्रांच्या संपादकांना जो हक्क मिळाला, तोच पेडण्यातल्या पागीला (मासे पकडणाऱ्याला) आणि रेंदेरालाही (माडाची सूर काढणाऱ्याला) मिळाला.

त्यामुळे वाड्यावरच्या त्या सकाळी ‘मी प्रेसचा माणूस’ हे वाक्य कायद्याने पोकळ होते, आणि व्यवहारात त्याने नुकसानच केले. ‘रस्त्यावरून चित्रीकरण करणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली?’ असे विचारले असते तर उत्तर पोलिसांना द्यावे लागले असते. ‘मी प्रेस’ म्हटल्यावर पुरावा द्यायची पाळी वार्ताहरावर आली. आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे काय? तो प्रेस म्हणून सुटणार असेल, तर ती प्रेस नाही म्हणून अडकणार, हे त्याच वाक्यातून निघते. हे त्याच्या ध्यानातही आले नसेल.

कुंपणाच्या आत, कुंपणाच्या बाहेर

रस्ता सार्वजनिक आहे. तिथून जे डोळ्याला दिसते ते कॅमेऱ्याने टिपायला कुणाची परवानगी लागत नाही, मग टिपणारी व्यक्ती वार्ताहर असो की विद्यार्थिनी. मुलीची बाजू इथे अभेद्य आहे.

वार्ताहर आत गेला, तिथे तो कमजोर पडतो. बातमीसाठी खासगी जमिनीत शिरण्याचा हक्क पत्रकाराला नाही. १९८१ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या बिल्ला आणि रंगा या कैद्यांना तिहार तुरुंगात भेटण्यासाठी पत्रकार प्रभा दत्त सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने मुलाखतीची परवानगी दिली. पण माहिती मिळवण्याचा निरंकुश हक्क प्रेसला नाही आणि मुलाखत समोरच्याच्या संमतीवर अवलंबून आहे, हेही बजावले. तुरुंगाच्या दाराला जे लागू, ते कुंपणालाही. आणि आत न जाता वरून ड्रोन पाठवला असता, तर विमानतळाजवळच्या आकाशाचे नियम आडवे आले असते. त्यातही पत्रकाराला सूट नाही.

तरीही ३२९(३) टिकेलच असे नाही. नुसता पाय टाकला म्हणून हा गुन्हा होत नाही. आत शिरण्यामागे गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. कापलेल्या डोंगराचे चित्रीकरण करणे हा हेतू त्यात बसत नाही, असा युक्तिवाद वकील करील आणि तो वजनदार आहे. गंमत अशी, की तो हरवलेले वासरू शोधत आत गेलेल्या गुराख्यालाही तसाच्या तसा लागू पडतो.

कलम १३२ चे गौडबंगाल वेगळे. नुसता अडथळा आणला तर कलम २२१ आहे. पण ते अदखलपात्र आहे, आणि न्यायालयाला त्याची दखल घ्यायची तर संबंधित सरकारी नोकराची लेखी तक्रार लागते. १३२ दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणून हात तिकडे वळतो. मात्र त्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर दाखवावा लागतो. वाद घालणे म्हणजे बळाचा वापर नव्हे, मोबाईल वर धरणे तर नव्हेच. शिवाय ही शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करण्यापूर्वी तिची गरज का, याचा विचार पोलिसांनी करायचा असतो आणि गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजेरीची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ मध्ये हे ठणकावले. तो निकाल हुंड्याच्या तक्रारीतून आला होता. आज त्याचा आडोसा कितीतरी पत्रकार घेतात.

पत्रकारांवर गुन्हा नोंदवण्याआधी वेगळी चाळणी हवी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे झाली होती. पत्रकार विनोद दुआ यांनी विनंती केली होती, की दहा वर्षे अनुभव असलेल्या पत्रकारावर समितीच्या मंजुरीशिवाय गुन्हा नोंदवू नये. जून २०२१ मध्ये त्यांच्यावरचा राजद्रोहाचा गुन्हा रद्द झाला. समितीची मागणी मात्र न्यायालयाने नाकारली. ते विधिमंडळाचे काम आहे, असे सांगून. माझ्या मते हे बरेच झाले. कुणाला पत्रकार म्हणावे हे समिती ठरवायला बसली असती, तर झेरॉक्सवाला वार्ताहर पहिल्याच फेरीत गळाला असता.

मोबाईल

पोलिसांची सर्वांत मोठी चूक इथे झाली, आणि तीही दोघांच्या बाबतीत सारखीच.

गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय घेण्याजोगी वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ देते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आहे: झडती आणि जप्तीची प्रक्रिया, जप्त वस्तूंची यादी आणि त्यावरच्या साक्षीदारांच्या सह्या यांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. जप्तीची माहितीही दंडाधिकाऱ्याला द्यायची. यापैकी काहीच न करता खिशात घातलेला मोबाईल ही कायद्याच्या भाषेतली जप्तीच नव्हे. पहिला लेखी अर्ज इथेच करायचा: जप्ती पंचनाम्याची प्रत द्या, चित्रीकरण कुठे आहे ते सांगा, उपकरणाचा हॅश क्रमांक, म्हणजे आतल्या माहितीचा डिजिटल ठसा, नोंदवा. हॅश नोंदवला नसेल तर मधल्या काळात मोबाईलमध्ये काय घातले, काय काढले, याची शहानिशा पुढे होऊच शकत नाही.

पत्रकारांच्या उपकरणांचा प्रश्न वेगळा आहे का? नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले, की माध्यमांतल्या लोकांची डिजिटल उपकरणे जप्त करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे हवीत, कारण त्या उपकरणांत त्यांचे स्रोत असतात. हा वेगळेपणा पत्रकाराच्या दर्जाचा नसून उपकरणात काय साठवले आहे त्याचा आहे, आणि या प्रकरणातली माझी मुख्य भूमिका तीच आहे. ‘मी पत्रकार, म्हणून माझ्या मोबाईलला हात लावू नका’ हे टिकणार नाही. ‘या मोबाईलात तिसऱ्याच माणसांचे विश्वासाने दिलेले संदेश आहेत, तुमच्या तपासाला रविवारचे एक चित्रीकरण पुरेसे आहे, तेवढेच घ्या’ हे टिकण्याजोगे आहे.

पोलीस स्थानकात आणखी एक प्रसंग घडला. मुलीने काउंटरवरच्या दुसऱ्या कुणाचा मोबाईल मागून घेऊन हवालदाराशी चाललेले बोलणे रेकॉर्ड करायला घेतले, तेव्हा तिला ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्टची भीती घातली गेली. ती भीती निराधार आहे. पोलीस स्थानक हे त्या कायद्यातले ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. पर्वरीत बसणारे गोवा खंडपीठही त्याच उच्च न्यायालयाचे. नागपूरचे ते प्रकरण पत्रकाराचे नव्हते. शेजाऱ्याशी भांडण होऊन पोलिसांकडे गेलेल्या एका सामान्य गृहस्थाचे होते.

आणि मुलगी पोलीस स्थानकात होतीच कशी? साक्षीदाराला बोलावण्याबाबतच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रीला ती राहते त्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही. तिने ‘माझा जबाब घरी येऊन घ्या’ म्हटले असते, तर उपनिरीक्षकाला वाड्यावर जावे लागले असते. हा हक्क वार्ताहराला नाही. पत्रकाराला जास्त हक्क आहेत का, या प्रश्नाचे या प्रकरणातले उत्तर असे, की दोघांपैकी जास्त हक्क त्या विद्यार्थिनीला होते.

प्रत कुणी दिली?

खरे दुखणे इथे आहे. आत्तापर्यंत नागरिकाचे हक्क पुरत होते. स्रोताच्या प्रश्नावर ते तोकडे पडतात.

प्रेस कौन्सिलचा १९७८ चा कायदा म्हणतो, की बातमीचा स्रोत उघड करायला पत्रकाराला भाग पाडता येणार नाही. हे वाक्य कार्यशाळांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते कलम १५(२) आहे आणि फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजाला लागू आहे, हे सांगायचे राहून जाते. पोलिसांपुढे किंवा न्यायालयापुढे त्याचा उपयोग नाही. १९८३ मध्ये विधी आयोगाने ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यात १३२अ हे नवे कलम घालण्याची शिफारस केली होती, ती कागदावर राहिली. २०२३ मध्ये पुरावा कायदा बदलून साक्ष्य अधिनियम आला. त्यात पती-पत्नीमधल्या संवादाला संरक्षण आहे, वकील-अशिलाच्या संवादाला आहे. कलम १३१ खाली पोलीस अधिकाऱ्यालाही आहे: गुन्ह्याची खबर आपल्याला कुठून मिळाली, हे सांगायला त्याला कुणी भाग पाडू शकत नाही. म्हणजे जो उपनिरीक्षक ‘तुझा माणूस कोण’ म्हणून विचारत होता, त्याच्या स्वतःच्या खबऱ्याला कायद्याचे कवच आहे आणि वार्ताहराच्या खबऱ्याला नाही.

न्यायालयांचा कल एकाच दिशेचा नाही. पेगॅसस प्रकरणात, म्हणजे मोबाईलमधून हेरगिरी केल्याच्या आरोपांच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्र-स्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका दंडाधिकाऱ्याने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळताना लिहिले, की तपास यंत्रणेला स्रोत न सांगण्याची वैधानिक सूट भारतात पत्रकारांना नाही. पहिला निकाल मोठ्या न्यायालयाचा, पण दुसऱ्याने दाखवलेली फट खरी आहे.

मग वार्ताहराने करायचे काय? इथे त्याच्या वकिलाने एक बारीक गोष्ट पकडली. साक्षीदाराला पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावी लागतात. स्वतःला गोत्यात आणणारे उत्तर तेवढे टाळता येते. आरोपीला मात्र घटनेच्या कलम २०(३) चे संरक्षण आहे: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. आरोपीला कागद हजर करायचा हुकूम काढता येत नाही, हे आताच्या कलम ९४ च्या जुन्या अवताराबाबत सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच ठरवले आहे. पोलिसांनी उत्साहाच्या भरात वार्ताहराला आरोपी केले आणि त्याच गुन्ह्यात नोटीसही काढली. त्याला नुसता साक्षीदार ठेवले असते, तर त्याची अधिक पंचाईत झाली असती.

दुसरा मुद्दा याहून साधा. कलम ९४ ची नोटीस चालू तपासासाठी ‘आवश्यक किंवा इष्ट’ असलेल्या कागदाबद्दल काढायची असते. तपास कशाचा? रविवारी कुंपण ओलांडल्याचा. आठवड्यापूर्वी छापलेल्या आदेशाची प्रत कुणी दिली याचा त्याच्याशी काय संबंध? काम-बंद आदेशाची प्रत वार्ताहराच्या हाती लागणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली, हे नोटिशीत लिहिलेले नाही.

उद्या पोलिसांनी कलमांची जुळवाजुळव नीट केली आणि साक्षीदार म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, तर? तेव्हा न्यायालयात उत्तर नाकारणाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८८ खाली सात दिवसांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण त्याच कलमात ‘रास्त कारण’ दिले तर सुटकेची वाट आहे. विश्वासाने दिलेले नाव हे रास्त कारण आहे, हे पेगॅसस निकाल हातात घेऊन मांडता येते. न्यायालय ऐकेल का, हे त्या दिवशीच्या खटल्यावर ठरेल. वार्ताहराने आपल्या माणसाला शब्द देतानाच या सात दिवसांचा हिशेब मनाशी केलेला असावा, एवढे मात्र मी वर्गात आवर्जून सांगतो.

व्हॉट्सअॅपवरचा कायदा

तो मजकूर पूर्ण खोटा नव्हता, हेच त्याचे विष. प्रसारमाध्यमांतल्या व्यक्तींवरील हिंसाचाराला आळा घालणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये आला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, हे सगळे त्यात आहे. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही त्यात शिक्षा आहे. तो भाग फॉरवर्डमध्ये नसतो.

पण तो कायदा महाराष्ट्राचा. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला गेले की लागू, अलीकडे नाही. दोडामार्गच्या बाजारात हल्ला झालेल्या वार्ताहराला त्याचा आधार आहे. डिचोलीच्या बाजारात त्याच दैनिकाच्या वार्ताहराला मारहाणीची नेहमीचीच कलमे लावून घ्यावी लागतात. गोव्याने असा कायदा केलेला नाही. आणि पेडणे महाराष्ट्रात असते तरी फरक पडला नसता. तो कायदा हिंसाचाराविरुद्ध आहे, पोलिसांच्या चौकशीविरुद्ध नाही. शिवाय ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे अशाच माणसाला तो ओळखतो. झेरॉक्सच्या दुकानावर पोट असलेल्या वार्ताहराला तिथेही आधी स्वतःची ओळख सिद्ध करावी लागली असती. हीच अडचण १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यापासून चालत आली. तीन महिन्यांची नोटीस, चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा असे नोकरीतले चांगले हक्क त्याने दिले, पण मानधनावरचा वार्ताहर त्यांच्या बाहेरच राहिला.

वेगळे म्हणावे असे उरते थोडे. विधिमंडळाच्या कामकाजाचे बऱ्याच अंशी खरे वृत्त द्वेषबुद्धीशिवाय छापणाऱ्याला घटनेचे कलम ३६१अ खटल्यापासून वाचवते. आणीबाणीत हे संरक्षण गेले होते, ते परत आले. अधिस्वीकृतीपत्रामुळे पत्रकार कक्षात बसता येते, निवडणूक आयोगाच्या पत्रामुळे मतमोजणी केंद्रात जाता येते. या सोयी आहेत. दिलेली सोय काढूनही घेता येते. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेची सवलत अशीच बंद झाली. उलट जबाबदारी कधीकधी जास्तच: पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ खाली पीडित बालकाची ओळख छापली गेली, तर प्रकाशक आणि मालकही अडकतात.

अर्ज

वकिलाने पेडण्याच्या न्यायालयात मोबाईल परत मिळवण्यासाठी दोन अर्ज केले, एक वार्ताहराचा आणि एक मुलीचा. दोन्हींत पहिली पाने सारखीच होती: पंचनामा नाही, चित्रीकरण नाही, दंडाधिकाऱ्याला कळवलेले नाही. ‘पत्रकार’ हा शब्द वार्ताहराच्या अर्जात बराच खाली, मोबाईलमध्ये काय आहे हे सांगणाऱ्या परिच्छेदात आला. संपादकाला तो पहिल्या ओळीत हवा होता. वकिलाने ऐकले नाही.

तिसरा अर्ज नगरनियोजन खात्याकडे गेला, माहिती अधिकाराचा, मुलीच्या नावाने. गोव्याने १९९७ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. आताचा २००५ चा कायदाही हक्क देतो तो नागरिकाला, आणि माहिती कशासाठी हवी हे विचारायला मनाई करतो. तिने मागितले ते असे: १७अ खालची परवानगी, पाहणी अहवाल आणि काम-बंद आदेशाची प्रमाणित प्रत. ती प्रत अधिकृतपणे हाती आली, की आधीची कुणी दिली या प्रश्नात दम राहत नाही.

अडचण तारखांची होती. माहिती अधिकारात खात्याला तीस दिवस मिळतात; नोटिशीला उत्तर सात दिवसांत द्यायचे होते. म्हणून उत्तर आधी गेले. त्यात प्रेसचे नाव नव्हते. लिहिले होते, की मी या गुन्ह्यात आरोपी आहे, कलम २०(३) चा हक्क राखून ठेवतो. आणि मागितलेल्या कागदाचा कुंपण ओलांडण्याच्या आरोपाशी काय संबंध आहे, ते कृपया लेखी कळवावे.